आरशासमोर आ करून

धुळे,
१८ जून १९८९

ती. स्व. सौ. वहिनीस,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही चौघे रविवारी सुखरूप पोहोचलो. एस.टी.त एरंडोलपर्यंत उभं राहावं लागलं. तुम्ही बांधून दिलेले केळीचे वेफर्स मुलांनी पारोळा यायच्या आतच संपवले, तेवढंच ओझं कमी. शाळा सोमवारी उघडली. यंदाही माझ्याकडे दुसरीचाच वर्ग आहे. पहिल्याच दिवशी एकजण टेबलाशी येऊन म्हणाला, बाई, मना दात हालस, आणि मधल्या सुट्टीनंतर तोच दात माझ्या हातावर आणून ठेवला. आता पुढे काय करायचं ते जणू मीच ठरवायचं.

वहिनी, महिनाभर माहेरी राहिले, पण एक गोष्ट तुमच्या समोर बोलायचं धाडस झालं नाही. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी आठ वर्षांची होते. माझ्या वेण्या तुम्ही घातल्या, मला शाळेत तुम्ही पाठवलं. तुम्हाला दोन शब्द सांगायचे म्हणजे जीभ जड होते. म्हणून लिहिते.

यावेळी तुम्ही ठेच्याला हात लावला नाहीत. शेवभाजी सगळ्यांना वाढली आणि स्वतः दूध-भाकरी कुस्करून खाल्लीत. विचारलं तर उष्णता झाली म्हणालात. उष्णता महिनाभर टिकत नाही. आणि मिसरी तर सकाळी, न्याहारीनंतर, दुपारी, दिवेलागणीला, अशी चार वेळा तुमच्या तोंडात असते. तव्यावर जाळून कुटलेली असली तरी ती तंबाखूच. तुम्ही ती नेहमी डाव्या गालात धरता, आणि जेवताना घास मात्र उजवीकडे ठेवता, हे मी पाहिलं.

एवढंच करा. दिवसाउजेडी आरसा घेऊन खिडकीशी बसा, आ करा, गाल बोटाने बाहेर ओढा आणि रत्नाला आत बॅटरी मारायला सांगा. पांढरं किंवा लाल काही दिसतं का ते मला कळवा.

भाऊंना नमस्कार, रत्नाला आशीर्वाद. रागावू नका, आणि रागावलात तरी उत्तर लिहाच.

आपली,
सुनंदा


फैजपूर,
२ जुलै १९८९

चि. सौ. सुनंदास,
मंजुळावहिनीचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नशीब, ते रत्नाच्या हाती पडलं, तुझ्या भावाच्या नाही. इकडे सर्व ठीक. मागच्या आठवड्याच्या वादळात विहिरीकडच्या मळ्यातली केळीची दीडशे खोडं आडवी झाली. बाकीचा माल कापणीला आलाय. तुझे भाऊ पहाटेच सावद्याला जातात, फळविक्री संस्थेचं काम बघतात आणि उन्हं कलल्यावर घरी येतात.

मास्तरीणबाई, मिसरी आम्ही चैन म्हणून लावत नाही. दात घट्ट राहतात म्हणून लावतो. तुझी आई पंच्याहत्तराव्या वर्षी ऊस दातांनी सोलत होती, विसरलीस का? आपल्या शेजारच्या झुंबरबाईचं तर लावल्याशिवाय पोटच साफ होत नाही. आणि तू नववीत असताना दाढदुखीने लोळत होतीस, तेव्हा माझ्याच डबीतली चिमूट दाढेवर दाबली होती. तेव्हा वहिनी फार गुणाची होती.

तरी तू लिहिलंस म्हणून पाहिलं. रत्नाने बॅटरी धरली. डाव्या गालात आतून पांढरं आहे, दुधावर साय धरते तसं. आठ आण्याच्या नाण्याएवढं असेल. मी बोटाने पुसलं, मिठाने चोळलं, निघत नाही. दुखत काही नाही. तिखट लागलं की आग होते, एवढंच.

रत्नाने ते पाहिलं तेव्हापासून माझी लेक सारखी माझ्या तोंडाकडे बघते. आता तुलाच सांगते. माझी आई वरणगावला वारली ती तोंडाच्याच दुखण्याने. घरात सगळे तोंड आलंय म्हणायचे. सात महिने तोंड आलेलंच होतं. शेवटी पाणीसुद्धा कापसाच्या बोळ्याने पाजलं. तिलाही मिसरी होती, आणि मला तिनेच लावली.

तुझ्या भावांना यातलं काही लिहू नकोस. हंगाम उरकू दे. चि. मुलांना गोड पापा. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझी,
मंजुळावहिनी


धुळे,
९ जुलै १९८९

ती. स्व. सौ. वहिनीस,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. आधी माझंच सांगते, म्हणजे तुम्हाला शिकवणारी ही कोण, असं वाटायला नको.

त्या नववीच्या दाढेपासून मलाही मिसरी लागली ती सुटलीच नाही. डी.एड.ला होते तेव्हा वसतिगृहात लपून लावायची. नोकरी लागली तरी शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्यामागे डबी असायची. मुलांच्या नखांची न् दातांची तपासणी करायच्या आधी मी स्वतः तोंड धुऊन यायची. हे आमच्याकडे यांनासुद्धा माहीत नव्हतं. गेल्या वर्षी शाळेत दातांचं शिबिर झालं. मुलांचं आटोपल्यावर डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्हीही बसा. नाही म्हणता येईना. माझ्या गालात तुमच्यासारखंच पांढरं निघालं, पण पुसट. ते म्हणाले, आज सोडलं तर बहुतेक जाईल, नाही सोडलं तर ते काय होईल ते मी सांगू शकत नाही. मी सोडली. सात-आठ महिन्यांत डाग गेला. दाढेवर चिमूट तुम्ही दाबलीत म्हणून तुम्हाला बोल लावत नाही. दुखणं थांबावं म्हणून तुम्ही हातात होतं ते दिलंत.

पण तुमचं पुसट नाही, आणि तीस वर्षांचं आहे. ते जळगावच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. दाखवलं म्हणजे आईचंच होणार, असं नाही. तुमच्या आईला कोणी वेळेवर दाखवलंच नाही.

तोवर घरी करायचं ते असं. डबी उचलून रत्नाच्या ताब्यात द्या. ओळखीचे एकजण तिकडे निघालेत, त्यांच्याबरोबर मऊ ब्रश पाठवते. तो सकाळी आणि झोपताना वापरायचा. केरसुणीसारखा आडवा ओढायचा नाही. हिरडीपासून दाताच्या टोकाकडे, हलक्या हाताने, गोल गोल, आतल्या बाजूनेही. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. राखुंडी न् विटेची पूड बंद, त्याने दात झिजतात. जीभही घासायची. काही खाल्लं की खळखळून चूळ भरायची. पहिले आठ-दहा दिवस हिरड्यांतून रक्त येईल. घाबरून सोडायचं नाही, घासल्यानेच ते थांबतं. तलफ आली की बडीशेप चघळा. सुपारी नको.

आणि भाऊंना सांगा. जळगावला एकट्याने जायचं नाही.

चुकलं असेल तर कान पिळायचा हक्क तुमचाच आहे.

आपली,
सुनंदा


फैजपूर,
३० जुलै १९८९

चि. सौ. सुनंदास,
अनेक आशीर्वाद.

ब्रश मिळाला. माझ्या तोंडात तो पाहून घरात तमाशा झाला. गडीमाणसांसमोर ओसरीवर घासायची लाज वाटते म्हणून मी न्हाणीत जाते. पहिल्या दिवशी एवढा जोर लावला की थुंकी लाल. तू आधीच लिहिलं होतंस म्हणून धीर धरला. आता आठवडा झाला, रक्त कमी आहे.

मिसरीचं मात्र खरं सांगते. चार दिवस सोडली. पहिल्या दिवशी डोकं ठणकलं. दुसऱ्या दिवशी पोट जागचं हललं नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना रत्ना काहीतरी बोलली, तर मी पिठाचा गोळा तिला फेकून मारला. चौथ्या दिवशी झुंबरबाईकडे विरजण मागायला गेले आणि तिच्याच डबीतली लावून आले. विरजण तिथेच विसरले. रत्नाने वास ओळखला. माझ्यासमोर ताट ठेवलं आणि बाहेर गेली. त्या पोरीने रागवायला हवं होतं गं.

परत सुरुवात केली आहे. आज अकरावा दिवस. पारसमल शेठच्या दुकानावरून जाताना तंबाखूच्या पोत्याचा वास येतो, म्हणून किराणा आणायला रत्नाला पाठवते.

तुझ्या भावांना सांगितलं. ते तळहातावरची तंबाखू चोळत राहिले. मग म्हणाले, मले आधी काऊन नही सांगतलं. तंबाखू ओठात दाबली आणि म्हणाले की सतरा तारखेला आपण जळगावला जाऊ. तू धुळ्याहून ये. तू असलीस म्हणजे डॉक्टर बोलेल ते मला कळेल.

वाट पाहते.

तुझी,
मंजुळावहिनी


फैजपूर,
३ सप्टेंबर १९८९

चि. सौ. सुनंदास,
अनेक आशीर्वाद.

शाळा तपासणीमुळे तुला येता आलं नाही, तार मिळाली होती. मन लावून घेऊ नकोस. आता क्रमाने लिहिते.

सतरा तारखेला आम्ही दोघं जळगावला गेलो. डॉक्टर वयाने तरणे आहेत, पण हात हलका. गालाला सुई देऊन नखाएवढा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. त्यांनी मला किती वर्षं, दिवसातून किती वेळा, रात्री तोंडात ठेवून झोपता का, सगळं विचारलं. तुझे भाऊ भिंतीशी स्टुलावर बसून मध्येमध्ये सांगत होते, हिला मी किती वेळा म्हटलं, सोड म्हणून. डॉक्टरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, दादा, तुमच्या खिशात चुन्याची डबी दिसते, तुम्हीही या खुर्चीवर. ते हसले. मले काही झालं नही, म्हणाले. पण बसले.

डॉक्टरांनी खालचा ओठ बाहेर वळवला. डावीकडे, ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत, ते तंबाखू धरतात तिथेच, एक जखम आहे. हरभऱ्याएवढी, कडा टणक. मला ती आजवर दिसली नव्हती. विचारलं तर म्हणाले, दोन-अडीच महिने झाले असतील, दुखत नाही म्हणून लक्ष दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, दुखत नाही हेच वाईट. त्यांचाही तुकडा घेतला.

परवा दोन्ही कागद आले. माझ्यात रोग नाही. मिसरी पूर्ण बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं. त्यांच्यात आहे. डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं, कॅन्सर. पण लहान आहे, लवकर कापून काढला तर माणूस राहतो. ऑपरेशन इंदूरला. चार दात आणि जबड्याच्या हाडाची वरची कड जाईल. ओठ थोडा ओढल्यासारखा राहील.

ते तयार नाहीत. कापलं की पसरतं म्हणतात. संस्थेच्या सभेत बोबडं बोललेलं लोक ऐकतील का, असंही एकदा म्हणाले. त्यानंतर विषय काढला की उठून मळ्यात जातात. तंबाखू दुप्पट झाली आहे. तू त्यांना लिही.

तुझी,
मंजुळावहिनी


धुळे,
८ सप्टेंबर १९८९

ती. भाऊस,
सुनंदाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला मी याआधी वेगळं पत्र कधी लिहिलं नाही. नेहमी वहिनींच्या पत्राखाली नमस्कार लिहून मोकळी झाले.

मे महिन्यात मी रोज तुमच्या पंगतीला बसत होते. वहिनी कोणत्या गालाने जेवतात ते मी पाहिलं, आणि तुम्ही शेजारी होतात तर तुमच्याकडे पाहिलं नाही. तंबाखू तुमच्या ओठात इतकी वर्षं पाहतेय की ती ओठाचाच भाग वाटायची. याचं मला फार लागून राहिलं आहे.

भाऊ, मी इथल्या डॉक्टरांना विचारलं. कापल्याने पसरत नाही. न कापल्याने पसरतं. एका महिन्यानेही फरक पडतो. सभेचं म्हणाल, तर तुम्ही बोबडं बोललात तरी लोक ऐकतील, कारण भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याशी तुमच्याइतकं कोणी भांडत नाही. दिवाळीच्या सुट्टीला मी घर आणि रत्ना सांभाळायला येते. तुम्ही फक्त हो म्हणा.

धाकटी म्हणून नका ऐकू. पण ऐका.

आपली,
सुनंदा


फैजपूर,
१ ऑक्टोबर १९८९

चि. सौ. सुनंदास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या भावांनी तुझं पत्र तीनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि नाहीच म्हणाले. मग मी जे केलं ते तुला आवडायचं नाही, पण लिहिते.

मागच्या मंगळवारी ते जेवून उठले तेव्हा मी रत्नाकडून माझी डबी मागून घेतली. पोरगी देत नव्हती, तिला समजावलं. डबी त्यांच्या पाटासमोर ठेवली. म्हटलं, तुम्हाला हे अंगावर काढायचं असेल तर काढा, मी अडवत नाही. पण ज्या दिवशी तुम्ही शेवटचं नाही म्हणाल, त्या दिवसापासून मीही परत लावणार. माझा डाग आहेच, थोडं मागेपुढे करून येते तुमच्यापाठोपाठ. रत्नाचं लग्न सुनंदा करेल.

ते रागाने लाल झाले. पोरीसमोर काय बोलते म्हणाले. मी डबी तिथेच राहू दिली. मला दोन महिने झालेत, तरी तिच्याकडे पाहून तोंडाला पाणी सुटत होतं. त्यांना ते दिसलं. 

दोन दिवस बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतून आले आणि विचारलं, इंदूरची गाडी किती वाजता असते. न्हाणीत जायच्या आधीच संडासात तंबाखूची पिशवी ओतून आले होते. डबी मी त्यांच्या पाठोपाठ ओतली.

ऑपरेशन तेवीस तारखेला. तू ये. ब्रश न्यायला सांगितलाय डॉक्टरांनी, तोंड स्वच्छ असलं तर जखम लवकर भरते म्हणे. त्यांना घासायला मी शिकवतेय. ते केरसुणीसारखा ओढतात.

तुझी,
मंजुळावहिनी


फैजपूर,
३१ ऑक्टोबर १९८९

ती. स्व. सौ. वहिनीस,
सुनंदाचा शि. सा. न. वि. वि.

संस्थेतल्या मोतीलालकाकांनी तिथल्या फोनवर इंदूरहून आलेला तुमचा निरोप सांगितला: ऑपरेशन नीट झालं, गाठी मानेत उतरल्या नव्हत्या, वरून किरणांचा शेक द्यायची गरज नाही. काका सांगताना धापा टाकत होते, फाटकापासून पळत आले होते. रत्ना तेव्हा पणत्यांच्या वाती वळत होती. तिने सगळ्या वाती हातात धरल्या आणि आत जाऊन रडली. मग बाहेर येऊन सगळ्या पणत्या लावल्या.

नळीने दूध चालू आहे असं कळलं. तोंडात पाणी फिरवायला सांगितलं असेल तर दर दोन तासांनी आठवण करा, भाऊ टाळाटाळ करतील.

इकडे एक गंमत. परवा झुंबरबाई आल्या, दार लावून घ्यायला सांगितलं, आणि खिडकीशी बसून आ केलं. मला म्हणाल्या, पाह्य. मी बॅटरी मारली. गाल स्वच्छ होते, पण मागे एक दाढ पूर्ण किडलेली. त्या गेल्यावर तासाभराने त्यांच्या दोन्ही सुना आल्या. धाकटीच्या गालात पांढरं आहे. तिला जळगावचा पत्ता लिहून दिला आहे.

भाऊंना सांगा, केळीला पाणी वेळेवर जातं, मी स्वतः पाहते. तुम्हीही दोन घास खात जा.

सर्वांचा जीव तुमच्याकडे लागला आहे.

आपली,
सुनंदा


फैजपूर,
१५ एप्रिल १९९०

चि. सौ. सुनंदास,
जीवरामचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही. तुझी वहिनी म्हणाली, आखाजीचं बोलावणं यंदा तुम्ही लिहा. म्हणून लिहितो. सत्तावीस तारखेला अक्षय्य तृतीया आहे. मुलांना घेऊन चार दिवस आधी ये. जावईबापूंनाही आण.

प्रकृती ठीक आहे. गेल्या आठवड्यात इंदूरला दाखवून आलो. जखम भरली, नवीन काही नाही. पुढची तारीख जुलैत. तुझ्या वहिनीचा डागही निम्मा झाला, असं जळगावचे डॉक्टर म्हणाले. मी सकाळ-रात्र घासतो. उरलेत ते दात तरी राहावेत. तंबाखूची आठवण अजून येते, विशेष करून सावद्याला केळीची रेल्वे वॅगन भरताना. तिथे सगळे मळत असतात. कोणी हात पुढे केला की मी खालचा ओठ वळवून दाखवतो. मग तो हात मागे घेतो.

संस्थेच्या सभेत बोललो. स आणि श नीट येत नाहीत. पहिली दोन मिनिटं लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. नंतर भावाचा मुद्दा निघाला आणि विसरले.

एक सांगायचं राहिलं. खालच्या ओठाला डावीकडे मला काही कळत नाही. चहा पिताना ओघळतो, आणि मला पत्ता नसतो. परवा रत्नाला पाहायला पाहुणे आले होते. ओसरी भरलेली. चहा आला. मी बोलता बोलता प्यालो, आणि तुझी वहिनी आतून सरळ माझ्याजवळ आली, सगळ्यांच्या देखत पदराने माझी हनुवटी पुसली, आणि परत आत गेली. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली, चारचौघांत ती कधी माझ्या शेजारी उभी राहिली नव्हती. आधीचा मी असतो तर हात झटकला असता. मी कप खाली ठेवला आणि ती पुसेपर्यंत थांबलो.

पाहुण्यांचा होकार कालच आला. ते आता आखाजीलाच ठरवू, तू असशीलच.

वाट पाहतो.

तुझा,
भाऊ